रोजगाराच्या आकड्यासोबत त्याची व्याख्याही छापा : अर्थ व सांख्यिकी संचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
अर्थ व सांख्यिकी संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : रोजगार व बेरोजगारीच्या आकडेवारीतील संज्ञांच्या व्याख्या मराठीत व आकड्यांसोबत प्रसिद्ध करणे, तसेच विदर्भाचे हंगामनिहाय आकडे उपलब्ध करून देणे याबाबत.

महोदय / महोदया,

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो, तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि घरचे कोरडवाहू वावरही पाहतो. राज्याचा अर्थसंकल्प मांडला जाण्यापूर्वी आपले संचालनालय ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध करते. त्यातले रोजगाराचे प्रकरण मी दरवर्षी बारावीच्या वर्गापुढे ठेवतो. देशाचा बेरोजगारी दर २०१७-१८ मध्ये ६.१ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ३.२ टक्क्यांवर आला, हे वाक्य फळ्यावर लिहिले की कोणीतरी विचारतेच : सर, मग आमच्या घरी होळीपासून मृगापर्यंत कोणालाच काम का नसते? या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते प्रामाणिक उत्तर आहे, परंतु ते आकड्यापासून फार दूर, इंग्रजी अहवालांच्या परिशिष्टांत पडून आहे. ते मराठीत, आकड्याच्या शेजारी आणि आमच्या भागाच्या हंगामाला धरून छापले जावे, एवढ्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आरंभीच स्पष्ट करतो की केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाकडून एप्रिल २०१७ पासून होणाऱ्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणावर माझा अविश्वास नाही. पूर्वी रोजगाराची मोठी पाहणी साधारण पाच वर्षांतून एकदा होत असे. आता ती अखंड चालते, जानेवारी २०२५ पासून नमुना वाढवलेला आहे, जिल्हा हा नमुना निवडीचा मूळ घटक मानला जातो आणि दर महिन्याला आकडे येतात. गावोगाव फिरून, अनोळखी उंबऱ्यावर बसून ही माहिती गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे काम किती कष्टाचे आहे याची मला जाणीव आहे. माझे म्हणणे फक्त त्या आकड्यांच्या नावांविषयी आहे. ‘रोजगारात’, ‘बेरोजगार’, ‘श्रमशक्तीबाहेर’ या तीन खणांत (पहिल्या दोन खणांची बेरीज म्हणजे श्रमशक्ती) माणसे कोणत्या नियमाने टाकली जातात हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती आकडा देऊन उपयोग नाही. आणि ज्यांच्याविषयी तो आकडा आहे त्या शेतमजूर बायांना, अल्पभूधारकांना आणि शिकलेल्या पोरांना हे नियम आजवर कोणी सांगितलेले नाहीत.

आमच्या गावातल्या एखाद्या शेतमजूर बाईचे वर्ष डोळ्यांसमोर आणावे. आषाढ-श्रावणात निंदण, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाची वेचणी, मध्येच चार दिवस तूर आणि हरभऱ्याची काढणी. पाऊस लांबला तर निंदणाचे दिवस कमी होतात, बोंडअळी आली तर वेचे कमी होतात. सगळे मिळून पाच महिन्यांच्या आसपास काम लागले तर ते वर्ष बरे गेले असे ती म्हणते. उरलेले दिवस ती घरचे पाहते, सरपण आणते, शेळ्या चारते आणि कोणी हाक दिली तर जाते.

जनगणनेच्या नियमाप्रमाणे वर्षात सहा महिने किंवा अधिक काम केलेली व्यक्ती ‘मुख्य’ काम करणारी आणि त्याहून कमी काम केलेली ‘सीमांतिक’ काम करणारी. म्हणून ही बाई सीमांतिक. श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या ‘सामान्य स्थिती’त आधीच्या ३६५ दिवसांपैकी अधिक काळ तिने कशात घालवला हे पाहतात, आणि तो काळ घरकामात गेला असे निघाले तरी तीस दिवस किंवा अधिक काम दुय्यम म्हणून केलेले असल्यास तिला रोजगारात धरतात, म्हणून येथे ती पूर्ण कामगार, वर्षभर नोकरी करणाऱ्या माणसाइतकीच एक. त्याच सर्वेक्षणाच्या ‘चालू साप्ताहिक स्थिती’त फक्त मागचे सात दिवस पाहतात. कर्मचारी मे महिन्यात आला आणि त्या आठवड्यात तिने कोणत्याही एका दिवशी एक तास जरी काम केले असेल तर ती रोजगारात. एकही तास केला नसेल आणि “मिळाले असते तर गेले असते” असे ती म्हणाली, तर ती बेरोजगार. “आता कुठले काम, घरीच आहे” असे म्हणाली, तर ती श्रमशक्तीच्याच बाहेर, म्हणजे बेरोजगारीच्या दरात ती ना वर मोजली जाणार ना खाली, कारण हा दर बेरोजगारांना एकूण लोकसंख्येने न भागता केवळ श्रमशक्तीने भागून काढलेला असतो. बाई एकच, तिची परिस्थिती एकच, आणि शेवटच्या दोन उत्तरांत आमच्याकडच्या बोलण्यात काडीचाही फरक नाही. रोजी मिळत नसेल तेव्हा “घरीच आहे” असेच इथली प्रत्येक बाई सांगते. त्या वाक्यात कामाची गरज नाही असे तिला मुळीच म्हणायचे नसते.

म्हणूनच कोणत्या स्थितीतला दर सांगितला जात आहे हे आकड्यासोबत येणे आवश्यक आहे. २०२३-२४ याच वर्षी, त्याच सर्वेक्षणात, पंधरा वर्षांवरील व्यक्तींचा बेरोजगारी दर सामान्य स्थितीत ३.२ टक्के आणि चालू साप्ताहिक स्थितीत ४.९ टक्के होता. दोन्ही बरोबर आहेत. वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र वर्षाच्या आकड्याशेजारी महिन्याचा आकडा ठेवला जातो, पहिला सामान्य स्थितीचा आणि दुसरा साप्ताहिक स्थितीचा असतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की बेरोजगारी एकाएकी वाढली किंवा घटली. एप्रिल २०२५ चा पहिला मासिक दर ५.१ टक्के जाहीर झाला तेव्हा हा घोळ झालेला मी पाहिला आहे. माझ्या सहकाऱ्यांमध्येही बराच वाद झाला आणि तो मिटवायला मला मंत्रालयाचे इंग्रजी टिपण उघडावे लागले.

पूर्वी एक तिसरे माप होते, ‘चालू दैनिक स्थिती’. त्यात आठवड्याचा प्रत्येक दिवस दोन अर्ध्या दिवसांत विभागत. चार तास किंवा अधिक काम असेल तर पूर्ण दिवस, एक ते चार तासांच्या दरम्यान असेल तर अर्धा. २०११-१२ च्या पाहणीत सामान्य स्थितीतील बेरोजगारी २.२ टक्के होती आणि दैनिक स्थितीतील ५.६ टक्के. रोजीवर जगणाऱ्यांच्या गावाचे दुखणे या दुसऱ्या आकड्यात उतरत असे, कारण तीन दिवस काम आणि चार दिवस रिकामे अशा आठवड्यातले ते चार दिवसही त्यात मोजले जात. नव्या सर्वेक्षणात या मापाचे दर प्रसिद्ध होणे थांबले. तरीही सातही दिवसांचे तास आणि जास्तीच्या कामासाठी किती तास तयार होता हे अजून विचारले जाते. अर्थात सामग्री हाताशी आहे. गरज आहे ती राज्यापुरते तक्ते काढून छापण्याची.

एका तासाच्या नियमावर खेड्यात सर्वांत जास्त संताप व्यक्त होतो, आणि मी त्याचा बचावही करत असतो. हा नियम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्यांशी जुळणारा आहे, राष्ट्रीय उत्पन्नात ज्या कामाची गणना होते ते काम करणारा माणूसही मोजला जावा हा त्यामागचा हेतू आहे, आणि देशादेशांची तुलना करायची तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. परंतु ही रेघ जिथे बहुतेक लोक पगारी नोकरीत आहेत तिथे जे दाखवते, ते आमच्याकडे दाखवत नाही. पगारी माणसाचे काम गेले की ते पूर्ण जाते. इथे काम पूर्ण कधीच जात नाही. घरचे दोन एकर असतील तर रोज काहीतरी निघतेच : बैलाला चारा, बांधावरचे गवत, रानडुकरांसाठी राखण.

पोलीस भरतीची किंवा तलाठी परीक्षेची तयारी करणारी पोरे घ्या. तालुक्याच्या अभ्यासिकेत ही पोरे दिवसभर बसतात, पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात, पदवी होऊन दोन-तीन वर्षे उलटलेली असतात. माझे कितीतरी जुने विद्यार्थी यात आहेत. त्यांना कोणी विचारले तर ते स्वतःला बेरोजगारच म्हणतात, आणि त्यांच्या आईबापांच्या जिवाला लागलेला घोर पाहिला तर तेच खरे वाटते. आता हिवाळ्यात कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते आणि बापाचे वय झालेले असते, म्हणून हा मुलगा आठवड्यातून दोन रात्री हरभऱ्याला ओलीत करायला वावरात जातो. बॅटरी घेऊन, गमबूट घालून, थंडीत सरी बदलत तो चार तास उभा असतो. ते काम आहेच, त्याला काम म्हणू नये असे मी कधीही म्हणणार नाही. पण त्या आठवड्यापुरता तो नियमानुसार ‘रोजगारात’ जातो; आणि सोंगणी, फवारणी, ओलीत मिळून वर्षाचे तीस दिवस भरले की सामान्य स्थितीतही त्याची नोंद कामगार म्हणून होते. काम करण्याला बेकारीपेक्षा अग्रक्रम द्यायचा हा व्याख्येचा दंडक आहे, म्हणून तो एकाच वेळी काम शोधत होता ही गोष्ट मुख्य आकड्यात कुठेच उरत नाही. त्याच्या नोंदीत पुढे आणखी एक शब्द असतो, आणि माझ्या मते सगळ्या सर्वेक्षणातला आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा शब्द तोच आहे : मदतनीस.

सर्वेक्षणात काम करणाऱ्यांचे तीन मोठे वर्ग आहेत : स्वयंरोजगारित, नियमित वेतनधारक आणि नैमित्तिक मजूर. त्यांपैकी स्वयंरोजगारितांच्या पोटात एक उपवर्ग आहे, घरच्या उद्योगातील मदतनिसांचा. घरच्या शेतीत किंवा दुकानात राबणारा, पण मोबदल्यात स्वतःच्या हाती काहीही न पडणारा तो मदतनीस. नियमित वेतनधारकाची कमाई विचारतात, मजुराची रोजी विचारतात, शेती चालवणाऱ्याची कमाई विचारतात. मदतनिसाला कमाईचा प्रश्नच नाही, कारण ती शून्य हे व्याख्येतच गृहीत आहे. देशातील एकूण कामगारांमध्ये या मदतनिसांचा वाटा २०१७-१८ मध्ये १३.६ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये १९.४ टक्के झाला. याच काळात स्वयंरोजगारितांचा एकूण वाटा ५२.२ वरून ५८.४ वर गेला, नियमित वेतनधारकांचा २२.८ वरून २१.७ वर आला, नैमित्तिक मजुरांचा २४.९ वरून १९.८ वर आला आणि शेतीत असणाऱ्यांचा वाटा ४४.१ वरून ४६.१ वर चढला. ग्रामीण स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग २४.६ टक्क्यांवरून ४७.६ टक्क्यांवर गेला. बेरोजगारी दर ६.१ वरून ३.२ झाला तो याच सहा-सात वर्षांत.

हे सगळे आकडे एकाच सर्वेक्षणातले आहेत आणि ते एकत्र ठेवल्यावर जे चित्र दिसते ते एकट्या ३.२ मध्ये दिसत नाही. कामात असलेली माणसे वाढली, हे खरे. त्यात बिनमोबदल्याच्या कामात असलेली फार वाढली, हेही तितकेच खरे. त्यातला किती भाग नव्या कामाचा, किती भाग पूर्वी चालू असलेल्या पण न नोंदवलेल्या कामाची आता नीट नोंद झाल्याचा, आणि किती भाग बाहेर रोजी न मिळाल्यामुळे घरच्याच तुकड्यावर परतलेल्या हातांचा, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. माझ्या भोवतीच्या गावांत मला तिन्ही दिसतात. परंतु रोजगाराच्या मुख्य तक्त्यात ‘स्वयंरोजगारित’ असा एकच रकाना छापला तर वाचणाऱ्याच्या मनात दुकान टाकलेला, व्यवसाय थाटलेला माणूस उभा राहतो. माझी पहिली आणि आग्रहाची विनंती अशी की आर्थिक पाहणीत हा रकाना फोडून छापावा : स्वतःचा उद्योग चालवणारे वेगळे आणि बिनमोबदला मदतनीस वेगळे, स्त्री-पुरुष निराळे. मोजणी झालेली आहे, नवे सर्वेक्षण लागत नाही.

मदतनीस कोण आणि शेती चालवणारे कोण हे प्रत्यक्षात ठरते कसे, तेही सांगतो. अशाच एका पाहणीच्या वेळी, ती कोणत्या यंत्रणेची होती हे येथे महत्त्वाचे नाही, मी शेजारच्या ओट्यावर बसलेलो होतो. घरातला पुरुष सर्वांची उत्तरे देत होता आणि टॅबवर ती भरली जात होती. बायकोचे काम विचारल्यावर तो म्हणाला, “ती घरीच असते.” त्या घरची पेरणीची सरी, खताचा हात, निंदण, कापसाचा पहिला वेचा ते शेवटचा वेचा, सारे तिच्या जोरावर चालते हे अख्ख्या गावाला माहीत आहे आणि विचारले असते तर त्यानेही कबूल केले असते. ती त्या वेळी वावरातच होती. कर्मचाऱ्याने पुन्हा विचारले, “शेतात जाते का?” तेव्हा उत्तर आले, “जाते ना, ते तर जातेच.” दुसरा प्रश्न विचारला म्हणून ती मदतनीस झाली, तो विचारला नसता तर घरकाम करणारी म्हणून श्रमशक्तीबाहेर गेली असती. आणि पिकाचे निर्णय कोण घेते हे कोणीच न विचारल्यामुळे शेती चालवणारी म्हणून तिची नोंद होण्याचा प्रश्नच आला नाही. स्वतःचा उद्योग चालवणारा ठरवताना व्याख्या सातबारा मागत नाही, उद्योग कोण चालवतो हे पाहते. व्यवहारात मात्र सातबाऱ्यावर ज्याचे नाव तोच शेतकरी असे आमच्याकडे सगळेच धरून चालतात. आमच्या जिल्ह्यात नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीने शेती ओढणाऱ्या किती बाया आहेत हे आपणास मी सांगण्याची गरज नाही. त्या घरांतही सासरा किंवा दीर उत्तर देतो.

घरकामाच्या नोंदीतही दोन प्रकार आहेत. फक्त घरकाम करणारी निराळी, आणि घरकामासोबत सरपण, रानभाजी, चारा गोळा करणारी किंवा घरापुरते शिवणकाम करणारी निराळी. दोघी श्रमशक्तीबाहेरच राहतात. स्वतःच्या वावरातली तूर घरी खाण्यासाठी काढली तर ते काम धरले जाते. तीच तूर भिजवून, वाळवून, भरडून डाळ केली तर घरापुरत्या उत्पादनाची ती प्रक्रिया आहे म्हणून ती धरली जात नाही. स्वतःची विहीर खणणे धरतात, त्या विहिरीचे पाणी घरी भरणे धरत नाहीत. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सांख्यिकी परिषदेने काम आणि रोजगार या गोष्टी वेगळ्या करून मोबदल्याविना होणाऱ्या कामालाही काम म्हणून निराळे मोजण्याचा ठराव केला आणि आपल्याकडे २०१९ व २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी झाली, हे चांगलेच झाले. २०२४ च्या पाहणीनुसार १५ ते ५९ वयाच्या ज्या स्त्रिया बिनमोबदल्याचे घरकाम करतात त्या त्यात दिवसाला सुमारे ३०५ मिनिटे घालवतात, म्हणजे पाच तासांहून अधिक. हा आकडा रोजगाराच्या प्रकरणात, श्रमशक्तीबाहेरच्या स्त्रियांच्या आकड्याला लागून छापावा. ‘श्रमशक्तीबाहेर’ या शब्दांचा अर्थ रिकामी असा घेतला जातो आणि तो अर्थ घरात, ग्रामसभेत, बँकेत त्या बाईच्या विरोधात वापरला जातो.

सालगड्याचा प्रश्न छोटा असला तरी तो सुटलेला नाही. गुढीपाडव्याला सालाचा ठराव होतो, काही धान्य, काही उचल, बाकी रक्कम हप्त्याहप्त्याने, आणि पुढच्या पाडव्याला पुन्हा बोलणी. नियमित वेतनधारकाच्या व्याख्येत नियमितपणे मिळणारे वेतन हवे, आणि ते रोजच्या किंवा ठराविक मुदतीने नव्याने होणाऱ्या कराराचे नको. पहिले कलम त्याला आत घेते, दुसरे बाहेर ढकलते. तो नियमित वेतनधारक म्हणून मोजला गेला तर कागदावर तो शिपाई-कारकुनाच्या रांगेत बसतो. आणि लेखी करार नसणे, भरपगारी रजा नसणे, सामाजिक सुरक्षा नसणे याचे जे तक्ते निघतात ते शेतीबाहेरच्या वेतनधारकांपुरते असल्याने त्याची असुरक्षितता तेथेही दिसत नाही. त्याला कुठे धरायचे याची सूचना प्रशिक्षणात नावानिशी, ‘सालगडी’ हाच शब्द वापरून दिलेली असावी. गुत्त्याने सोंगणी घेणारी टोळी, किलोवर कापूस वेचणारी बाई, यांच्या रोजीचा हिशेब दिवसावर कसा बसवायचा हेही तसेच सांगावे लागेल, कारण आमच्याकडे निम्मे काम आता रोजाने होतच नाही.

यापुढचा मुद्दा विदर्भाचा. राष्ट्रीय नमुना पाहणीत, म्हणजे केंद्राच्या घरोघरच्या पाहण्यांच्या मालिकेत, महाराष्ट्राचे जे विभाग पाडलेले आहेत त्यांत विदर्भ दोन विभागांत येतो : एकात अमरावती विभागाचे जिल्हे, वर्धा आणि नागपूर, आणि दुसऱ्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. ही विभागणी योग्य आहे, कारण एकीकडे कापूस-सोयाबीन आणि दुसरीकडे धान, यांचे कामाचे दिवस जुळत नाहीत. आमच्याकडे दिवाळीत हात पुरत नाहीत. तिकडे रोवणीला पंधरा-वीस दिवस पुरत नाहीत, मग धान कापणी, आणि उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपत्ता एवढाच आधार. ज्यांना तोही नाही ती कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. घरी म्हातारी माणसे उरतात आणि उत्तरेही तीच देतात. प्रसिद्ध होणारा आकडा मात्र अख्ख्या महाराष्ट्राचा असतो, ज्यात पुण्याचे कारखाने आणि मुंबईची कार्यालये आमच्यासोबत एका सरासरीत येतात. विदर्भाच्या या दोन विभागांचे तक्ते तिमाहीवार काढून द्यावेत, आणि तिथे नमुना अपुरा वाटत असेल तर दोन-तीन वर्षांची माहिती एकत्र करून, संभाव्य चुकीची मर्यादा सांगून द्यावेत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अनेक फेऱ्यांत आपले संचालनालय राज्याच्या नमुन्यासह सहभागी होत आलेले आहे. हे कौशल्य आपल्याकडे आहे. एप्रिल ते जून या तिमाहीत ग्रामीण यवतमाळ-वाशीमचे खरे चित्र काय, हे जिल्हा नियोजन समितीला ठाऊक असेल तर रोजगार हमीची कामे पाऊस पडायच्या तोंडावर मंजूर न होता फाल्गुनात मंजूर होतील. या कामांची आणखी एक बाजू आहे. ज्या बाईने ग्रामपंचायतीकडे कामाची लेखी मागणी नोंदवलेली आहे तिला “काम शोधत होता का?” याचे उत्तर द्यायला दुसरा पुरावा लागू नये. ही मागणी केली होती का असा साधा प्रश्न विचारला तर “घरीच आहे” म्हणणाऱ्या कितीतरी बाया श्रमशक्तीत परत येतील. तसे झाले तर बेरोजगारी दर वाढलेला दिसेल, आणि त्याला कोणी घाबरू नये.

हे सगळे मी नव्याने सांगत आहे असे नाही. बेरोजगारीच्या अंदाजांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या, प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्येच बजावले होते की घरच्या शेतीत राबणाऱ्यांच्या या देशात बेरोजगारी एका आकड्यात सांगता येणार नाही; ती वेगवेगळ्या मापांनी आणि वेगवेगळ्या गटांसाठी निराळी सांगावी लागेल. त्याच शिफारशींवर १९७२-७३ ची पाहणी बेतली गेली. ते वर्ष महाराष्ट्राच्या खेड्यांना दुष्काळाचे वर्ष म्हणून आठवते, आणि मागेल त्याला काम देण्याची आपल्या राज्याची योजनाही त्याच काळात उभी राहिली. मापे अनेक ठेवण्याचा तो विचार अहवालांच्या तक्त्यांत बऱ्याच अंशी टिकला; लोकांपर्यंत पोहोचताना मात्र एकच आकडा उरला.

तेव्हा विनंती अशी की आर्थिक पाहणीच्या पुढच्या आवृत्तीत रोजगाराच्या प्रकरणाचे पहिले पान व्याख्यांचे असावे, साध्या मराठीत, शेतीतल्या उदाहरणांसह. प्रत्येक दराखाली तो सामान्य स्थितीचा की साप्ताहिक हे लिहावे. आणि वृत्तपत्रांना दिल्या जाणाऱ्या टिपणातही ते सोडू नये. प्रश्न विचारणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात, जिथे शक्य आहे तिथे स्त्रीची माहिती तिलाच विचारावी आणि “शेतात जाते का, पीक ठरवताना तुम्ही असता का” हे दोन उपप्रश्न सक्तीचे करावेत. येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. आमच्याकडे तेव्हा वेचणी संपत आलेली असते आणि मागच्या वर्षात किती महिने काम केले हे विचारताना “सध्या काय करता” एवढ्यावर भागवले गेले तर मुख्य आणि सीमांतिक यांची नोंद पुढची दहा वर्षे चुकीची राहील. प्रगणक बहुतेक आमच्यासारखे शिक्षकच असतात. त्यांच्यासाठी वऱ्हाडी आणि झाडी बोलीतल्या कामांच्या नावांची, महिन्यांनिशी, एक यादी आपण तयार करून देऊ शकता : निंदण, डवरणी, सोंगणी, वेचणी, रोवणी, बांधणी, तेंदू तोडणी. महिना विसरलेल्या माणसाला कामाचे नाव घेतले की दिवस आठवतात.

अशी यादी करण्यासाठी आणि व्याख्यांचा मराठी मसुदा गावात वाचून, तो कळतो की नाही हे तपासण्यासाठी माझे अकरावी-बारावीचे विद्यार्थी आणि मी तयार आहोत. त्यांच्यातले बहुतेक स्वतः सुट्टीत कापूस वेचतात. मसुदा पोस्टाने आला तरी चालेल. दिवाळीनंतरचे दिवस सोडून तो केव्हाही पाठवावा, कारण तेव्हा वर्गात निम्मीच मुले असतात.

आपला विश्वासू,
अर्थशास्त्राचा एक शिक्षक व कोरडवाहू शेतकरी,
जिल्हा यवतमाळ